अभ्यासक व्हा, पऱ्हाटी आपोआप पिकेल

तुम्ही नेटवर शेतीबद्दल लिहिता आणि तरी कोणी विश्वास ठेवत नाही? मग खोट नावाखालच्या ओळीत असणार. तिथे 'कास्तकार' लिहिलंय ना? पुसा आधी. कास्तकाराचं बँक ऐकत नाही, जिनिंगवाला ऐकत नाही, घरातला पोरगाही ऐकत नाही. वाचकानेच काय घोडं मारलंय? 'शेतीप्रश्नांचे अभ्यासक' लिहा. अभ्यासकाला सातबारा लागत नाही, आणि परीक्षा तर कोणी घेतच नाही.

फोटो मात्र वावरातलाच हवा. वावर कोणाचंही चालतं. दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, पांढरी झाली की धुऱ्यावर उभे राहा, फुटलेलं बोंड हातात धरा आणि दूरवर बघा, जणू कर्जमाफी तिकडूनच येणार आहे. मागे काय उभं आहे तेवढं तपासा. आमच्याकडच्या एका अभ्यासकाने तुरीत उभं राहून सोयाबीनवर लिहिलं. पुण्या-मुंबईत कोणाच्या लक्षात आलं नाही. गावात मात्र त्याला अजून 'तुरीतला सोयाबीन' म्हणतात.

आता आकडे. आमच्या कोरडवाहू वावरात एकरी सात-आठ क्विंटल कापूस झाला तर घरात रोडग्यांचा बेत होतो. असं लिहिलंत तर तुम्हाला कुत्रं विचारणार नाही. 'एकरी ३० क्विंटल!' लिहा, उद्गारचिन्हासकट. एक हेक्टर म्हणजे जवळपास अडीच एकर, ही तुमची खरी इस्टेट. उत्पन्न हेक्टरचं सांगा, खर्च एकराचा सांगा, आणि मोजमापाचा शब्द दोन्हीकडे गाळा. कोणी पकडलंच तर टंकनदोष आहेच.

औषधाचं प्रमाण सांगताना तर बिलकुल अडखळू नका. शिफारस बहुतेक १० लिटर पाण्याला असते आणि पाठीवरचा पंप १५-१६ लिटरचा, हा हिशेब लेखात मांडत बसलात तर लय बिघडते. 'दोन औषधं मिसळून मारा, हमखास रिझल्ट' हे कसं ठसठशीत वाटतं! २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन माणसं गेली, ते आठवत असेल तरी आठवू नका. फवारा मारणारा मजूर तुमचा वाचक नसतो. वाचक नसलेल्या माणसाने विश्वासार्हतेला धक्का लागत नाही.

भाकीत कसं करावं, यावर माझा विशेष अभ्यास आहे. (बघा, शब्द किती सहज बसला.) २००२ साली बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारक जनुक घातलेल्या वाणाला, परवानगी मिळाली तेव्हा 'आता बोंडअळी संपली' म्हणणारे, आणि २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भातली बोंडं आतून पोखरली तेव्हा 'मी आधीच बजावलं होतं' म्हणणारे, यांत एकच माणूस कितीदा सापडेल ते मोजू नका. त्यापेक्षा जून महिन्यात एक वाक्य लिहून ठेवा: 'यंदा अळीचा धोका नाकारता येत नाही, मात्र परिस्थिती आटोक्यातही राहू शकते.' दिवाळीत या वाक्याचा सोयीचा अर्धा भाग कापून पुन्हा टाका.

शेवटी एखादं संतवचन. गाडगेबाबांच्या नावावर काहीही खपतं. ते १९५६ साली गेले, त्यामुळे ठिबक सिंचनाबद्दल आपण असं बोललोच नव्हतो हे सांगायला येणार नाहीत.

एकच धोका आहे: शेजारच्या वावरातल्या काकू. त्यांनी कामगंध सापळे, म्हणजे मादीच्या वासाने बोंडअळीचे नर पतंग ओढणारे सापळे, लावलेत, हेक्टरी ५ या हिशेबाने. रोज सकाळी त्यात अडकलेले पतंग मोजतात आणि कृषी केंद्राने फुकट दिलेल्या कॅलेंडरवर पेन्सिलीने आकडा टाकतात. सलग ३ रात्री, दर रात्री सापळ्यामागे ८ पतंग भरले की फवारणी, नाहीतर पंप खुंटीला. डोमकळ्या, म्हणजे आत अळी शिरल्याने न उमललेल्या कळ्या, दिसल्या की खुडून मारतात. त्यांच्या शेतीत उद्गारचिन्ह कुठेच नाही. मोजून बघा, असं सांगणारा लेख कोणी पुढे पाठवत नाही, म्हणून काकूंना अनुयायी शून्य.

पण त्या धुऱ्यावर गाठतात आणि विचारतात, "काहून रे बाबू, तुह्या लेखात अळी मरते, माह्या वावरात काहून मरत नाई?"

घाबरू नका. 'फार चांगला प्रश्न आहे, काकू' म्हणा, चहा मागा, आणि त्या चुलीपाशी वळल्या की भिंतीवरच्या कॅलेंडरचा फोटो काढा. कृषी केंद्राचं नाव कापायला विसरू नका. वर मथळा द्या: 'माझी प्रत्यक्ष निरीक्षणे'.