गॅस शाबूत आहे!

अकोल्यात गाडीचा एसी बिघडला की निदानासाठी मेकॅनिक लागत नाही. पानठेल्यावरचा माणूस बॉनेट न उघडता, तोंडातला खर्रा सांभाळत लांबूनच सांगतो, "गॅस संपला असन भाऊ." मेव्हणा फोनवरून हेच सांगतो. शेजारच्या काकांनी आयुष्यभर लुना चालवली, तेही हेच सांगतात.

ही गॅस संपायची कल्पना आपण स्वयंपाकघरातून उचलली आहे. सिलिंडरमधला गॅस जळतो, म्हणून संपतो. एसीतला जळतही नाही आणि झिजतही नाही. कॉम्प्रेसरनं त्याला दाबायचं, त्यानं पुढच्या जाळीत, म्हणजे कंडेन्सरमध्ये, उष्णता सोडून पातळ व्हायचं, मग डॅशबोर्डाच्या पोटातल्या कूलिंग कॉइलमध्ये फुटून पुन्हा वाफ व्हायचं आणि त्या नादात आतल्या हवेची उष्णता ओढून घ्यायची. परत कॉम्प्रेसर. जन्मभर एवढीच फेरी. तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळतो आहे. पण गळती शोधायला डोकं लागतं आणि गॅस भरायला नुसती मशीन, त्यामुळे दर उन्हाळ्यात लोक श्रद्धेनं गॅस भरून येतात आणि पावसाळ्यात तो कुठे गेला हे विचारायचं विसरतात.

आमची गाडी २००७ची. तिचं दुखणं वेगळं होतं. ब्लोअरचा, म्हणजे हवा फेकणाऱ्या पंख्याचा, बटन एक, दोन, तीनवर ठेवला तर आत सामसूम. चारवर केला की वादळ. अधलंमधलं काही नाही. बरं, वादळ तर वादळ, पण तेही कोमट. मे महिन्यात पारा ४४-४५वर असताना अकोला ते अमरावती आम्ही चारवर गेलो. चारवर गाडीत कुणाचं काही ऐकू येत नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत आम्ही नवरा-बायको खुणांवर आलो होतो. या व्यवस्थेचे काही फायदेही आहेत, ते इथे लिहीत नाही. बायकोला मात्र ते दिसले नाहीत. तिचा रोज गाडीत बसल्यावर आईला फोन असतो आणि पलीकडून आई विचारत होत्या, "पाऊस सुरू आहे का वो तिकडं?"

एका गॅरेजवाल्याला दाखवलं. त्यानं व्हेंटसमोर हात धरला, डोळे मिटले आणि "गॅस भरा लागते, कॉइल बदला लागते, डॅशबोर्ड खोला लागते" अशा तीन वाक्यांत हजारांचे आकडे चढवले. तिसऱ्या वाक्याला मी गाडी वळवली.

आता वऱ्हाडातल्या पुरुषाला यंत्राची भीती का नसते, याला एक ऐतिहासिक कारण आहे. मार्च लागला की तो माळ्यावरून कूलर उतरवतो, ताट्या बदलतो, पंपातला गाळ काढतो, मोटरला तेल देतो आणि पाण्यात उभं राहून वायर चालू आहे की नाही ते बोटानं पाहतो. ज्यानं दोनशे तीस व्होल्टांशी असा घरोबा ठेवला, त्यानं गाडीच्या बॅटरीच्या बारा व्होल्टांना काय म्हणून भ्यावं? शिवाय दोन्हींचं तत्त्व एकच: काही तरी उडून गेलं पाहिजे म्हणजे गारवा येतो. कूलरमध्ये पाणी उडतं. एसीतला आर-१३४ए नावाचा गॅस तर मोकळ्या हवेत उणे २६ अंशांवरच उकळतो. म्हणूनच त्याचे पाइप घरी खोलायचे नाहीत, एवढं पथ्य मी पाळलं. बाकी सगळीकडे हात लावला.

सकाळी साडेसहाला, ऊन चढायच्या आत, इंजिन चालू करून एसी दाबला. बॉनेटखाली 'टक्' असा आवाज झाला, म्हणजे कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणारा-सोडवणारा क्लच पकडतो आहे. मग दोन पाइप पाहिले. बारीक पाइप गरम होता आणि जाडा थंडगार, वर घामाचे थेंब. निरोगी एसीची नाडी अशीच लागते.

"काका, गॅस शाबूत आहे," मी म्हणालो. काकांनी जाडा पाइप चाचपला, हात गालाला लावला, पुन्हा चाचपला. "थंडा तं आहे," ते म्हणाले. आणि थोडं थांबून, "पण गॅस कमी असन."

बिघाड डॅशबोर्डाच्या आत होता आणि तिथे जायचा रस्ता ग्लोव्ह बॉक्समधून. त्याच्या दोन्ही बाजू आत दाबल्या की तो पुढे लोंबतो. इथवर सोपं आहे. त्यानंतर डाव्या सीटवर पाठ, पाय हेडरेस्टवर आणि डोकं खाली पायपुसण्यावर, अशी अवस्था घ्यावी लागते. गाडी आखणाऱ्यानं दुरुस्ती करणाऱ्याला मान असेल हे धरलेलंच नाही. कारखान्यातूनच एसी बसवून देण्याची सुरुवात अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं १९४०च्या मॉडेलांपासून केली. त्या गाडीच्या कॉम्प्रेसरला क्लच नव्हता. एसी बंद करायचा तर गाडी थांबवा, इंजिन बंद करा, बॉनेट उघडा आणि कॉम्प्रेसर फिरवणारा पट्टा काढून ठेवा. लोक त्याला हसतात. मला त्या ड्रायव्हरचा हेवा वाटला. त्याला निदान उभं राहून काम करता येत होतं.

पोराला मोबाइलचा टॉर्च धरायला बसवलं. टॉर्च धरणाऱ्या पोराचा उजेड काम सोडून सगळीकडे पडतो, हा निसर्गनियम आहे. माझ्या वडिलांनी याच कारणावरून मला जे ऐकवलं होतं ते मी शब्दशः पुढच्या पिढीला दिलं. उजेड जागेवर आला आणि मला हवा होता तो भाग दिसला: ब्लोअरचा रेझिस्टर. दोन स्क्रूंवर बसलेला, मागे वायरींचा कपलर, कपलरचा एक कोपरा वितळून तपकिरी झालेला. बाहेर ओढला तर विजेच्या शेगडीतल्या स्प्रिंगसारखी त्याची स्प्रिंग काळी पडून तुटलेली. एक, दोन, तीन या वेगांना वीज या स्प्रिंगांमधून दमत दमत मोटरीपर्यंत जाते. चारला मात्र तिचा रस्ता थेट असतो. म्हणून वादळ तेवढं उरलं होतं.

पण रेझिस्टर उगाच जळत नाही. त्याला मुद्दाम ब्लोअरच्या वाऱ्यात बसवलेलं असतं, वाऱ्यानं थंड राहावा म्हणून. वारा अडला किंवा मोटर जड फिरायला लागली की तो तापतो. म्हणजे नवा रेझिस्टर नुसता लावून टाकला असता तर तोही गेला असता. मी खालचे तीन स्क्रू काढून मोटर पिंजऱ्यासकट खाली घेतली. तिच्यासोबत माझ्या तोंडावर उतरलं ते असं: गाडी ज्याच्याखाली उभी असते त्या कडुनिंबाची काही वर्षांची पानं, शेंगांची टरफलं, कबुतराचं पीस, सीटच्या फोमचे तुकडे आणि कागदाचा मऊ भुगा. समोरच्या काचेखालच्या जाळीतून उंदीरमामा येऊन-जाऊन होते, आणि त्यांनी आमच्या ब्लोअरमध्ये सहकुटुंब हिवाळा काढला होता.

भुग्यात एक तुकडा जरा मोठा होता. त्यावर लाल शाईत काही तरी होतं. "इकडे उजेड धर रे," मी म्हणालो. उजेड आला नाही. उलट होता तोही गेला. मी स्वतःच तुकडा दाराकडे धरून पाहिला. 'गणित. घटक चाचणी. २०पैकी ६.' खाली पालकांच्या सहीची जागा कोरी. हा पेपर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे दडवला गेला होता, आणि उंदरानं सगळा कुरतडून नेमका गुणांचा चौकोन तेवढा राखून ठेवला होता. या प्रकरणाची सुनावणी नंतर घरात झाली. तिचा एसीशी संबंध नाही.

रेझिस्टर आणायला गेलो तर दुकानदारानं मान वर न करता विचारलं, "सॅम्पल?" गाडीचं नाव, साल, मॉडेल मी तोंडपाठ करून गेलो होतो. त्याला त्यात रस नव्हता. जुना जळका रेझिस्टर काउंटरवर ठेवला, तेव्हा कुठे त्यानं मान वर केली, पिना मोजल्या आणि नवा काढून दिला. तीनशे साठ रुपये. गाडीचं इंजिन नसेल तेवढं मी ते पुडकं जपून घरी आणलं.

तो बसवला, मोटर पुसून जागेवर घातली. एक चालला. दोन चालला. तीन चालला. पण हवा अजून कोमटच. इथे मला गॅरेजवाल्याचे मिटलेले डोळे आठवले आणि मी घाईघाईनं तापमानाच्या नॉबकडे वळलो. नॉब निळ्यापासून लालपर्यंत फिरत होता, पण फिरताना काही जड लागत नव्हतं. खाली वाकून पाहिलं तर त्याची केबल क्लिपमधून निसटून लोंबत होती. या केबलनं आत एक झडप हलते. झडप एकीकडे गेली की हवा थेट बाहेर, दुसरीकडे गेली की हीटरच्या कॉइलवरून. त्या कॉइलमध्ये इंजिन थंड करून आलेलं, ८०-९० अंशांचं पाणी खेळत असतं. आमची झडप मध्येच अडकली होती. म्हणजे पेट्रोल जाळून एसी हवा थंड करत होता आणि लागलीच हीटर ती तापवून देत होता. अकोल्यात, मे महिन्यात, हीटर! आमच्या आळीत तरी हा मान आमच्याच गाडीचा असावा.

क्लिपचं प्लास्टिक सुकून तुटलं होतं. प्लास्टिकचा एक केबल टाय आवळला, वरचं शेपूट कापलं, नॉब निळ्यावर फिरवला. आत 'थप्' असा आवाज आला. तो आवाज मी पुनःपुन्हा ऐकला. बायकोनं घरातून ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर आणून व्हेंटला लावला. इतका थंड रुग्ण त्यानं पाहिलेला नव्हता. त्यानं आकडा न देता नुसतं 'लो' लिहून हात वर केले.

संध्याकाळी बायको डाव्या सीटवर बसली, ब्लोअर दोनवर ठेवला, आणि दहा मिनिटांत ओरडली, "अहो, माये पाय भिजून रायले!"

हे खरं तर चांगलं लक्षण. कॉइल गार झाली की हवेतली वाफ तिच्यावर जमते आणि ते पाणी एका रबरी नळीनं गाडीखाली सांडतं. नळीचं तोंड कडुनिंबानं बुजलं की पाणी आत येतं. मी रस्त्यावर पोतं अंथरून गाडीखाली गेलो, नळी शोधली आणि कूलरच्या जाळीची जुनी तार आत सारली. आधी काही झालं नाही. मग पानांचा काळा लगदा सुटला आणि त्याच्या मागून साठलेलं सगळं बर्फगार पाणी माझ्या उजव्या बाहीतून थेट काखेपर्यंत गेलं. मी जे ओरडलो ते काकांनी त्यांच्या गच्चीवरून ऐकलं.

खिडकी दोन बोटं खाली आली.

"जरा हळू वो," बायको म्हणाली. "आईचा फोन चालू आहे. किती दिवसांनी नीट ऐकू येऊन रायलं."