लेन हटसन आणि ‘बुटका बचावपटू’: एका प्रतिक्रियेला उत्तर

आइस हॉकीतल्या माँट्रियाल कॅनेडियन्स या क्लबच्या लेन हटसनवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत ते आधी इथे उतरवतो, म्हणजे इतर वाचकांना शोधत बसावं लागणार नाही: “पाच फूट नऊ इंचांचा पोरगा आणि म्हणे बचावपटू. अंगात ताकद नाही, स्वतःच्या गोलसमोर उभं राहता येत नाही. साठ असिस्ट ही पॉवर-प्लेवरची फुकटची कमाई. आठ वर्षांचा करार म्हणजे पैसे पाण्यात. तुम्हाला खेळ कळत नाही, तुम्ही नुसते नाचता.” (असिस्ट म्हणजे गोलआधी दिलेला पास. पॉवर-प्ले म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षेवर बाहेर असताना जास्त माणसांनिशी खेळणं.)

मतभेद असू शकतात. पण ‘नाचता’ हा शब्द वापरायची गरज काय होती, हे मला अजून कळलेलं नाही. तो लेख मी सामन्यांची फिल्म थांबवून थांबवून लिहिला होता. बर्फावर मुलांच्या संघात मी बचावपटूंचीच फळी शिकवतो. वेळेत न वळल्यामुळे पोरं बोर्डवर, म्हणजे मैदानाभोवतीच्या भिंतीवर, आपटतात ते रोज बघतो. तेव्हा ‘खेळ कळत नाही’ हे वाक्य तुम्ही जरा जपून वापरायला हवं होतं.

आता मुद्दा. ‘गोलसमोर उभं राहता येत नाही’ या वाक्यात तुम्ही गृहीत धरलंय की बचाव म्हणजे गोलसमोर धक्काबुक्की. १९९० च्या दशकात ते बऱ्याच अंशी खरं होतं. २००४-०५ चा हंगाम मालक-खेळाडूंच्या वादात बुडाला आणि २००५-०६ पासून एनएचएलने, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या या लीगने, नियम बदलले. आपल्या भागातून मधल्या लाल रेषेपलीकडे थेट पास द्यायला मोकळीक मिळाली. स्टिक अडकवणं, धरून ठेवणं यावर पंच कडक झाले, त्यामुळे बचावातल्या जोडीदाराच्या मागे धावणाऱ्या आक्रमकाला वाटेत अडवून ठेवायची जुनी सोय गेली. शिवाय गोलरेषेमागे समलंब चौकोन आखून गोलरक्षकाला कोपऱ्यात जाऊन पक (खेळाची रबरी चकती) खेळायला बंदी झाली. कोपऱ्यात टाकलेला पक आता बचावपटूनेच आणायचा, तोही पाठीवर पूर्ण वेगात येणारा माणूस घेऊन. सामन्यात हे काम पुन्हा पुन्हा येतं. गोलसमोरची कुस्ती त्यामानाने कमी वेळा येते.

हे काम कसं होतं ते बघा. पक आपल्या भागात टाकला गेला की बचावपटू वळतो आणि वळतानाच खांद्यावरून पहिली नजर मागे टाकतो: कोण येतंय, कुठल्या बाजूने येतंय. पकपासून दोन-तीन पावलांवर दुसरी नजर. दरम्यान जोडीदार आणि गोलरक्षक ओरडून सांगत असतात. ‘व्हील’ म्हणजे वेग न सोडता गोलच्या मागून फिर, जाळीची आड घे. ‘ओव्हर’ म्हणजे जाळीमागून जोडीदाराला दे. ‘रिव्हर्स’ म्हणजे एका दिशेने जात पक बोर्डवरून उलट्या बाजूला सोड. ‘अप’ म्हणजे भिंतीलगतच्या विंगरला, कडेच्या आक्रमकाला, दे. चूक बहुधा दुसऱ्या नजरेत होते. ती राहिली की खेळाडू बोर्डकडे तोंड करून थांबतो, पाय सुटतात आणि मागचा माणूस त्याला तिथेच दाबतो. तुमचा सहा फूट चार इंचांचा बचावपटूही तिथे दाबला जातो. दुसरी चूक रिव्हर्सची. जोडीदार जागेवर नसताना पक मागे सोडला तर तो सरळ प्रतिस्पर्ध्याच्या दुसऱ्या माणसाकडे जातो, आणि तो गोलपासून दहा-पंधरा फुटांवर मोकळा उभा असतो.

हटसन इथेच वेगळा दिसतो. पकला हात लावण्याआधी तो खांदा आणि गुडघा एका बाजूला झुकवतो. मागून येणारा त्या बाजूच्या स्केटवर वजन टाकतो आणि हटसन टाचेला टाच भिडवून, छाती मैदानाकडे ठेवत उलट्या बाजूला निघतो. धक्का बसतच नाही, मग वजन किती हा प्रश्न उरतो कुठे? पहिल्या पूर्ण हंगामात, २०२४-२५ मध्ये, तो ८२ पैकी ८२ सामने खेळला. ताकद नसलेल्या पोराला हे कसं जमलं, याचं उत्तर तुमच्या प्रतिक्रियेत मला सापडलं नाही.

एक गोष्ट मान्य करतो, कारण ती खरी आहे. त्याचा हात आखूड पडतो. नियमाने स्टिक जास्तीत जास्त ६३ इंचांची, आणि उंच खेळाडूला सहसा लांब स्टिक पेलते. म्हणून चाल अंगावर येत असताना हटसनला समोरच्यापासूनचं अंतर, म्हणजे गॅप, इतरांपेक्षा कमी ठेवावी लागते. हे अंतर ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या बचावभागाच्या सीमेवर, पोचल्यावर कमी करता येत नाही. ते लाल रेषेच्या आसपासच जुळवावं लागतं आणि मागे सरकण्याचा वेग समोरच्याच्या वेगाशी मिळवावा लागतो. उशीर झाला तर ब्लू लाइन फुकट जाते, घाई झाली तर समोरचा बाहेरून निसटतो. लांब हाताचा बचावपटू अशी अर्धी चूक स्टिक टाकून निभावतो, हटसनला ती सवलत नाही. पेनल्टी-किलवरही, म्हणजे आपला खेळाडू शिक्षेवर असतानाच्या बचावातही, पहिल्या हंगामात त्याला फारसं उतरवलं नाही. इतकं मी देतो. पण यावरून ‘बचावपटूच नाही’ कसं निघतं?

आणि तुमचं ते गोलसमोर उभं राहणं. तिथेही रेटण्यापेक्षा वेळ साधणं मोठं. लांबून शॉट येणार असं दिसलं की शॉट सुटण्याआधीच माणसाच्या आणि गोलच्या मध्ये कंबर घालायची, शॉट सुटताक्षणी त्याची स्टिक उचलायची. पक वळवते ती स्टिक, खांदे नव्हे. आधीच उचलली तर तो पुन्हा टेकवतो, उशिरा उचलली तर पक जाळीत. कबड्डीतला कोपरारक्षक चढाईपटूच्या पावलाची वाट बघून घोटा धरतो, तसंच हे आहे, आणि उत्तम कोपरारक्षक धिप्पाडच लागतो असं आपल्याकडे कुणी म्हणत नाही. मिनेसोटा वाइल्डचा कर्णधार जॅरेड स्पर्जन पाच फूट नऊ इंचांचाच. २००८ च्या ड्राफ्टमध्ये (क्लब नवे खेळाडू क्रमाने निवडतात त्यात) १५६ व्या क्रमांकावर निवडला गेला, निवडणाऱ्या क्लबने करारही केला नाही. पुढे मिनेसोटात त्याचं नाव झालं ते बचावासाठीच. त्याची फिल्म बघा. गोलसमोर तो कुणाला पाडत नाही, तरी समोरच्याची स्टिक मोकळी सापडत नाही.

उंचीची ही चर्चा तुम्ही सुरू केलेली नाही, ती जुनी आहे. २०२२ च्या ड्राफ्टआधी हटसनला आपली हाडं अजून वाढणार असल्याचा डॉक्टरांचा कागद क्लबांसमोर ठेवावा लागला होता. तरी तो ६२ व्या क्रमांकापर्यंत खाली गेला. पुढे बॉस्टन विद्यापीठात पहिल्या वर्षी ३९ सामन्यांत ४८ गुण (गोल आणि असिस्ट मिळून), बचावपटू असून. ज्यांनी त्याला सोडलं ते लोक धंद्यातले जाणकार होते, तुमच्याइतक्याच ठामपणे बोलत होते. आज त्याचा प्रशिक्षक मार्टिन सेंट लुई आहे. तो स्वतः ड्राफ्टमध्ये कुणीच न निवडलेला, हटसनहून बुटका, आणि २००४ चा हार्ट करंडक, म्हणजे लीगमधल्या सर्वात मोलाच्या खेळाडूचा मान, जिंकणारा.

बाकीच्या मुद्द्यांना थोडक्यात. पॉवर-प्लेची फुकट कमाई म्हणता, तर पॉवर-प्ले प्रत्येक संघाला मिळतो आणि बहुतेक संघ तिथे प्रतिस्पर्ध्याच्या ब्लू लाइनवर एक बचावपटू ठेवतात. पदार्पणाच्या हंगामात ६० असिस्ट करणारा हटसनखेरीज एकच बचावपटू झाला, १९८०-८१ चा लॅरी मर्फी. ६६ गुणांनी हटसनने क्रिस चेलिओसचा नवख्या बचावपटूंमधला ६४ गुणांचा क्लबचा विक्रमही मोडला आणि लीगच्या सर्वोत्तम नवख्या खेळाडूचा काल्डर करंडक घेतला. कॅनेडियन्सच्या खेळाडूला तो १९७२ च्या केन ड्रायडननंतर पहिल्यांदा मिळाला. गोल फक्त ६, शॉट जड नाही, हे मीही लेखात लिहिलं होतं. तुम्ही तिथपर्यंत वाचलं नसावं.

करार: वर्षाला सरासरी ८८.५ लाख डॉलर, २०२६-२७ पासून. त्या हंगामाची वेतनमर्यादा, म्हणजे संघाच्या एकूण पगारावरची कमाल, १०.४ कोटी, म्हणजे साधारण साडेआठ टक्के, आणि मर्यादा पुढेही वाढणार आहे. एप्रिल २०२४ मध्ये दोन सामने खेळवून क्लबने त्याच्या तीन वर्षांच्या पहिल्या कराराचं एक वर्ष आधीच खर्ची घातलं होतं, म्हणून ही वाटाघाट इतक्या लवकर आली. हे हिशेब न मांडता ‘पैसे पाण्यात’ म्हणणं सोपं आहे.

यापुढे लिहायचं असेल तर कुठला सामना, कितवा पिरियड, घड्याळात किती मिनिटं उरली होती आणि हटसन नेमका कुठे चुकला ते लिहा. मी ती फिल्म काढून बघेन आणि त्यावरच बोलेन. ‘नाचता’ वगैरे असेल तर प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.