थायलंडचा दंडुका आणि काकांचा फॉरवर्ड

‘आंदोलनं कशी मोडायची ते थायलंडकडून शिका.’ रविवारी सकाळी धाकट्या काकांनी फॅमिली ग्रुपवर हा मेसेज टाकला. संध्याकाळपर्यंत तोच सोसायटीच्या ग्रुपवरही आला. एरवी मी सोडून दिलं असतं. पण काका गेल्याच वर्षी बँकॉकला जाऊन आलेत, त्यामुळे थायलंडबद्दल त्यांचा शब्द घरात शेवटचा धरतात. खाली आत्याचा अंगठा, मावशीचे हात जोडलेले.

मेसेजचा सारांश असा. थायलंडात लाल शर्ट (माजी पंतप्रधान थाक्सिन शिनावात्रांचे समर्थक) आणि पिवळे शर्ट (त्यांचे विरोधक) अशा दोन भाडोत्री टोळ्या होत्या. सरकारने दोघांना एकच दंडुका दाखवला. २०१० मध्ये लष्कराने एका दिवसात रस्ते मोकळे केले, मेले ते फक्त बंदूकधारी. तेव्हापासून तिथे कुणी रस्त्यावर उतरत नाही.

‘भाडोत्री’चं आधी उरकू. गाड्या, जेवण, थोडेफार पैसे हे दोन्हीकडे होतं, मान्य. आपल्याकडच्या सभांना लोक काय स्वखर्चाने येतात? पण लालांमधल्या, उत्तरेतल्या आणि ईशान्येकडच्या माणसांचा राग काही विकत आणलेला नव्हता. त्यांनी निवडून दिलेल्या थाक्सिन शिनावात्रांना २००६ मध्ये लष्कराने घालवलं. २००८ मध्ये त्यांच्याच गटाचे पंतप्रधान समक सुंदरवेज यांना घटना न्यायालयाने घरी पाठवलं. कारण? पंतप्रधान असताना टीव्हीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम करून मानधन घेतलं.

आता ‘एकच दंडुका’. पिवळ्यांनी ऑगस्ट २००८ मध्ये पंतप्रधानांचं कार्यालय बळकावलं. समकनी आणीबाणी पुकारली, पण लष्करप्रमुख बळ वापरायला तयार झाले नाहीत. २५ नोव्हेंबरला पिवळे बँकॉकच्या सुवर्णभूमी विमानतळात घुसले. तो आठवडा आपल्याला आठवत नाही, कारण दुसऱ्याच दिवशी मुंबईत २६/११ झालं. लाखो प्रवासी अडकले, तरी एकही रणगाडा हलला नाही. २ डिसेंबरला न्यायालयाने सत्ताधारी पक्षच बरखास्त केला आणि पिवळे जिंकून घरी गेले. त्याआधी ऑक्टोबरमध्ये संसदेपुढे पोलिसांनी त्यांच्यावर अश्रुधूर सोडला, त्यात माणसं दगावली, हेही खरं. पण ते पोलिस. लष्कर त्यांच्या अंगावर आलं नाही. विमानतळाच्या खटल्यात पिवळे नेते २०२४ मध्ये दहशतवादाच्या आरोपातून सुटले, काहींना वीस हजार बाट दंड झाला. भरपाईचा ५२ कोटी बाटांचा दिवाणी निकाल मात्र त्यांच्या विरोधात गेला होता. दहशतवादाच्या आरोपातून लाल नेतेही २०१९ मध्ये सुटले. म्हणजे फरक कोर्टात कमी, रस्त्यावर जास्त.

आणि ज्या मुद्द्याने माझं डोकं फिरलं तो हा: ‘एका दिवसात, फक्त बंदूकधारी’. एक दिवस कसला? लाल शर्टवाले मार्चच्या मध्यापासून १९ मेपर्यंत बँकॉकात ठाण मांडून होते. १० एप्रिलला लष्कर पहिल्यांदा चालून गेलं, त्या रात्री वीसहून अधिक माणसं मेली. त्यात एक जपानी कॅमेरामन होता आणि सैनिकही होते. कारण लालांच्या गर्दीत काळ्या कपड्यांतले बंदूकधारी होते. मेसेजमधला अर्धा खरा तुकडा एवढाच, आणि तो मी नाकारत नाही. पण संपूर्ण हिशेब नव्वदहून अधिक मृतांचा आणि सुमारे दोन हजार जखमींचा आहे. हे सगळे बंदूकधारी?

काका, तुमचा सेंट्रलवर्ल्डसमोरचा फोटो माझ्याकडे आहे. त्या मॉलच्या आणि सयाम पॅरागॉन या दुसऱ्या मॉलच्या मधोमध वात पथुम वनाराम नावाचं बौद्ध मंदिर आहे. १९ मे रोजी नेत्यांनी माघार जाहीर केल्यावर घाबरलेली माणसं आसऱ्याला तिथेच शिरली. ते सुरक्षित क्षेत्र म्हणून जाहीर झालेलं होतं. तिथे सहा जण गोळ्या लागून मेले. त्यातली एक जण जखमींवर उपचार करणारी स्वयंसेवक होती. हा कुण्या लालसमर्थकाचा ब्लॉग नाही. मृत्यूंच्या चौकशीत बँकॉकच्याच न्यायालयाने ऑगस्ट २०१३ मध्ये निष्कर्ष दिला: गोळ्या सैनिकांच्या बाजूने आल्या, काही सैनिक समोरच्या स्कायट्रेनच्या (उंचावरून धावणाऱ्या रेल्वेच्या) रुळांवर होते, आणि मेलेल्या सहांपैकी कुणाच्याही हाताला बंदुकीच्या दारूचा अंश सापडला नाही. मेसेज लिहिणाऱ्याने एवढा एक निकाल वाचला असता तर ‘फक्त’ हा शब्द लिहिताना हात अडखळला असता. निदान अशी आशा.

‘तेव्हापासून कुणी उतरत नाही’ यावर काय बोलायचं! २०१३-१४ मध्ये सुथेप थौगसुबान यांनी शिट्ट्या फुंकत ‘बँकॉक बंद’ केलं. हेच सुथेप २०१० मध्ये उपपंतप्रधान होते आणि लालांविरुद्धची कारवाई त्यांच्याच हाताखाली झाली. त्यांच्या माणसांनी २ फेब्रुवारीच्या निवडणुकीत मतदान अडवलं, न्यायालयाने निवडणूकच रद्द केली, आणि २२ मे २०१४ ला लष्कराने सत्ता घेतली. २०२० मध्ये निषेध म्हणून तीन बोटं उंचावणारी कॉलेजची पोरं उतरली. त्यांच्यावर रसायन मिसळलेल्या पाण्याचा मारा झाला तो चौक त्या मंदिरापासून चालत जाण्याइतका जवळ आहे. पुढे राजाच्या अवमानाचं कलम ११२ लावून अनेकांना कोर्टात ओढलं. त्यात एकेका गुन्ह्याला तीन ते पंधरा वर्षं शिक्षा आहे.

मंदिरातल्या त्या सहा मृत्यूंसाठी आजवर एकाही सैनिकाला शिक्षा झालेली नाही. हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. काकांचं उत्तर आलं, ‘तू कधी गेली आहेस का बँकॉकला?’