काम काढून फोन करा

परवा रात्री साडेनऊला मी ओटा आवरत होते आणि फोन वाजला. नवऱ्याने स्क्रीन बघून आतूनच हाक मारली, अगं सांगोल्याचा फोन आहे! आमच्या घरात आता सासूबाईंपासून पोरापर्यंत सगळ्यांना माहितीये की सांगोला म्हणजे माझी हॉस्टेलची रूममेट. २००७ साली दापोलीला बीएस्सी अॅग्रीला अॅडमिशन घेतली तेव्हा एका रूममध्ये आम्ही तिघी, कोणाचं नाव कोणाच्या लक्षात राहीना, मग गावावरून हाका सुरू झाल्या त्या कायमच्याच चिकटल्या. ती सांगोला, मी केळशी आणि तिसरी कणकवली.

फोन उचलला तर हॅलो नाही, कशी आहेस नाही, थेट "केळशी, काम आहे." आणि खरं सांगते, हे ऐकून मला जेवढं बरं वाटतं ना तेवढं वाढदिवसाच्या पन्नास मेसेजनी वाटत नाही.

आपल्याकडे उलटं शिकवलंय. कामापुरता मामा आणि ताकापुरती आजी, म्हणजे काम असल्यावरच आठवण काढणारा माणूस मतलबी. मग आपण सगळे इतके जपून वागतो की कामासाठी कोणाला फोन करायचाच नाही, नुसत्या गप्पांसाठी करायचा. आणि गप्पांसाठी वेळ कधी मिळतो? नोकरी, घर, पोराची शाळा, म्हाताऱ्यांची औषधं यातून तासभर निवांत मिळेल तेव्हा करू, निवांत मिळत नाही, फोन होत नाही, मग इतके दिवस झाले आता कुठल्या तोंडाने करू असं होतं. माझी आणि सांगोल्याची मैत्री अशीच सुटत चालली होती, भांडण नाही, काही नाही, नुसती सुटत चाललेली. म्हणून हे सगळं लिहितेय.

आधी ती कोण ते सांगते. सांगोला तालुका म्हणजे दुष्काळी पट्टा, वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस, तिच्या घरी डाळिंबाची बाग. आणि आमच्या दापोलीला तीन हजाराच्या वर पडतो. पहिल्या पावसाळ्यात पंधरा दिवस सूर्य दिसला नाही, तिचे कपडे वाळेनात, नव्या चामडी चपलांवर हिरवी बुरशी आली तेव्हा ती पलंगावर बसून रडायला लागली की मी घरी जाते, मला नको ही डिग्री. मी तिला शनिवारी एसटीत घालून आमच्या घरी केळशीला नेलं. आईने चुलीवर वाळवणासाठी टांगलेल्या उतवावर तिचे सगळे कपडे वाळवले, गरम पेज आणि सुकटीची चटणी खायला घातली, आणि सोमवारी आम्ही परत. त्यानंतर चार वर्षं ती आईला आईच म्हणायची. कोय कलमाच्या प्रॅक्टिकलला, म्हणजे कोयीतून आलेलं कोवळं रोप कापून त्यावर हापूसची काडी बसवायची असते त्याला, माझ्यापेक्षा तिची कलमं जास्त जगायची, आणि मी जन्माने आंब्याच्या गावची! ती म्हणायची आमच्या डाळिंबाला पण आंबे बहार असतो लका, तुमची एकट्याची मक्तेदारी नाही. (डाळिंबाच्या एका फुलोऱ्याच्या हंगामाला आंबे बहार म्हणतात.)

२०११ ला पास झालो. ती बँकेत कृषी अधिकारी झाली, पहिली पोस्टिंग नांदेडकडे, मग जळगाव, आता पंढरपूर. मी कृषी सहायक झाले, लग्न झालं, दापोलीतच राहिले. पहिली दोन वर्षं रोज बोलायचो. मग आठवड्याला, मग सणाला, मग व्हॉट्सअॅपवर तिच्या फोटोखाली मी बदाम टाकायचा आणि माझ्या फोटोखाली तिने. बॅचचा ग्रुप होता, अजूनही आहे, दरवर्षी गेट टुगेदर ठरतं, तारखेवर शंभर मेसेज होतात, कोणाचं ऑडिट निघतं, कोणाच्या घरी लग्न निघतं, आणि राहतं. मी गेट टुगेदरच्या विरोधात नाहीये, पण सगळी मैत्री त्या एका दिवसावर टांगून ठेवायची आणि मधली पाच वर्षं काहीच नाही हे मला पटत नाही.

२०१८ मध्ये मला कळलं की तिच्या घरच्या बागेला तेल्या रोग लागून तिच्या वडिलांनी जवळजवळ सगळी झाडं काढून टाकली. कधी? तर आठ महिन्यांपूर्वी. कोणाकडून कळलं? ग्रुपवर भलत्याच विषयात कोणीतरी उल्लेख केला त्यातून. मी फोन केला तर म्हणाली, अगं तू पण तुझ्या व्यापात, म्हटलं कशाला त्रास द्यायचा. मी पण तेव्हा हो गं असूदे असं म्हणून ठेवला. त्या रात्री मला झोप लागली नाही. जिच्या बुरशी लागलेल्या चपला मी माझ्या हाताने पुसल्या तिला माझा फोन करणं म्हणजे मला त्रास देणं वाटतं, हे कधी झालं?

आणि मग दोन वर्षांनी मी तेच केलं.

३ जून २०२०, निसर्ग वादळ. दिवेआगर-श्रीवर्धनच्या बाजूला ते जमिनीवर आलं, आणि केळशी तिथून खाडीपलीकडे फार लांब नाही. शंभराच्या वर वेगाचा वारा दुपारभर. आमच्या वाडीत, म्हणजे घरच्या बागेत, अडीचशे पोफळी होत्या, सुपारीची झाडं, बाबांच्या आजोबांच्या हातच्या काही, त्यातल्या एकशे ऐंशी गेल्या. मोडल्या कमी, मुळासकट उपटल्या जास्त, आणि सगळ्या एकाच दिशेला तोंड करून पडलेल्या, वर माड आडवे, घरावरची अर्धी कौलं अंगणात. मी तिसऱ्या दिवशी कशीबशी पोचले तेव्हा बाबा पडलेल्या पोफळीवर बसून अडकित्त्याने सुपारी कातरत होते. मला बघून म्हणाले, ये. बाकी काही नाही. तो अडकित्त्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

आणि माझं काम काय, तर पंचनामे. तलाठी, ग्रामसेवक आणि मी, टेप घेऊन लोकांच्या वाड्यांतून फिरायचं, झाडं मोजायची, लोक रडतात ते ऐकायचं, सही घ्यायची, पुढची वाडी. सरकारने फळबागांना हेक्टरी पन्नास हजार जाहीर केले होते. पण आमच्याकडे हेक्टरात वाडी कोणाची असते हो, गुंठ्यात असते, हिशोबाने गुंठ्याला पाचशे रुपये. बाबांची अठरा गुंठे, म्हणजे नऊ हजार. पोफळ लावल्यापासून सुपारी हाताला यायला पाच-सहा वर्षं तरी जातात, हे मला कॉलेजात पण शिकवलं आणि बाबांनी पण.

वीज तीन आठवडे नव्हती. नेटवर्क दापोलीत मधूनमधून यायचं. आलं की सांगोल्याचे मिस्ड कॉल दिसायचे, रोज दोन-तीन. मी उचलले नाहीत, मेसेज केला, आम्ही ठीक आहोत काळजी करू नको. लॉकडाऊन चाललेला, ती तरी काय करणार, उगाच तिच्या जिवाला घोर. अगदी तेच जे तिने मला केलं होतं.

पंधराव्या दिवशी तिने ऑफिसच्या लँडलाइनवर फोन केला. नंबर कुठून मिळवला देव जाणे. आणि मला अशी झापली की टेबलावरच्या सगळ्यांना ऐकू गेलं. "तुझ्या आईने माझे कपडे वाळवलेत. तिचं घर पडलंय आणि मला तू ठीक आहे म्हणून कळवतेस? मी कोण आहे, पाहुणी आहे का? मला काम सांग. आत्ताच्या आत्ता काहीतरी काम सांग."

मी म्हटलं, ताडपत्री. इथे ताडपत्री मिळत नाहीये, पाऊस सुरू झालाय.

सहा दिवसांनी साताऱ्याहून मदतीचा एक टेम्पो दापोलीला आला, तिने बँकेतल्या ओळखीने त्यात सामान चढवलं होतं. दोन मोठ्या ताडपत्र्या, नायलॉनची दोरी, टॉर्च, मेणबत्त्यांचे पुडे, आणि एक ज्वारीचं पोतं, त्यावर निळ्या मार्करने मोठ्ठं लिहिलेलं, केळशी. टेम्पोवाला म्हणाला ताई हे केळशी गावाला न्यायचं ना? मी म्हटलं नाही हो दादा, केळशी मी. आणि मग मला रस्त्यातच रडू आलं, वादळानंतर पहिल्यांदा.

तेव्हापासून आमच्यात ठरलंय. ठरलंय म्हणजे कोणी बोललं नाही, पण आहे. काम सांगायचं. छोटं असलं तरी. कौलं आणि झाडं उचलायला मी तिच्याकडून तीस हजार घेतले, सहा महिने टेकू दे मग देते म्हटलं, आणि महिन्याला तीन हजार करून फेडले. नवरा म्हणाला एकदम दे, माझा बोनस येतोय. मी दिले नाहीत एकदम. कारण दर महिन्याच्या पाच तारखेला पैसे टाकले की ती फोन करायची, मिळाले गं, आणि मग अर्धा तास. (पैशाच्या व्यवहाराने मैत्री तुटते म्हणतात. माझं मत असं की रक्कम आणि तारीख दोघींनी लिहून ठेवली तर तुटत नाही. तुटते ती न बोलता राहिलेल्या पैशाने.) शेवटचा हप्ता गेला तेव्हा मला चुटपुट लागली, आता काय? पुढच्याच आठवड्यात तिचा फोन, केळशी, बाबा बांधावर आंबा लावायचा म्हणतायत, केसर लावू का तुमच्या विद्यापीठाचा रत्ना? त्यात हापूससारखा साका, म्हणजे आतला गर खराब होणं, नाही ना होत? मग मी दोन दिवस त्याच्या मागे. मी तिच्याकडून मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी मागवते, आम्ही भात खाणारी माणसं पण सासूबाईंना शुगर निघाली तशी भाकरी सुरू झाली, आणि भाकरी थापायला मला तिने व्हिडिओ कॉलवर शिकवलं, पाणी कढत घे, अजून मळ, हाताला जोर लाव. एसटीच्या पार्सलने तिकडून ज्वारी येते आणि इकडून कोकम, आंबोशी, ओले काजूगर जातात.

कणकवलीचं सांगायचं राहिलं. ती कॅनडात असते, चांगलं चाललंय तिचं. तिला आम्ही कधी काम सांगितलं नाही, एवढ्या लांब कुठे सांगायचं म्हणून. तिने पण सांगितलं नाही. गेल्या वर्षी तिची आई गेली ते आम्हाला दोघींना तेराव्यानंतर कळलं. इथून कणकवली काही तासांवर. मी जाऊन आले असते, पहिल्या दिवशी गेले असते, तिचं विमान येईपर्यंत तिच्या बाबांजवळ बसले असते. हे मला फार लागून राहिलंय. आता मी तिला मुद्दाम कामं सांगते, पोराच्या प्रोजेक्टला तिकडच्या बर्फाचे फोटो पाठव, अमुक बी तिकडे कसं पॅक करून विकतात ते दुकानात जाऊन बघून सांग. आधी तिला नवल वाटायचं. गेल्या महिन्यात तिने पहिल्यांदा मला काम सांगितलं, बाबांचा फोन लागत नाहीये, जरा तिकडे कोणाला पाठवता येईल का. मी ओळखीच्या एका कृषी सहायकाला पाठवलं, फोन चार्जिंगला लावायचा राहिला होता, बाकी काका ठणठणीत.

हे वाचून कोणी म्हणेल की काही लोक खरंच फक्त वापरून घेतात. घेतात, मला पण भेटलेत, दहा वर्षांनी फोन आणि दुसऱ्या मिनिटाला पॉलिसी. पण तसल्या चार जणांच्या भीतीने आपण आपल्या जिवाभावाच्या माणसांना काम सांगायचं बंद केलंय. तुम्हाला वाटतं तुम्ही त्यांचा त्रास वाचवताय. त्यांच्या बाजूला बसून बघा. माझी माणूस म्हणून गरज कोणाला उरली नाही असं त्यांना वाटत असतं, मला वाटलं होतं.

तर परवाचं काम. तिच्या मोठ्या भावाच्या मुलीचा, म्हणजे भाचीचा, बीएस्सी अॅग्रीला नंबर लागलाय. कुठे? दापोलीला! हॉस्टेलची रूम मिळेपर्यंत आठ-दहा दिवस तुझ्याकडे ठेवशील का, आणि पुढची चार वर्षं कागदावर लोकल गार्डियन म्हणून तुझं नाव देऊ का. मी म्हटलं विचारतेस काय. सासूबाईंनी आतून विचारलं कोण येतंय, मी सांगितलं, त्या म्हणाल्या माळ्यावरची गादी उन्हात टाकायला हवी, पण ऊन आहे कुठे.

मग पोरगी स्वतः फोनवर आली, लाजत, तुम्हाला काय म्हणू? मागून सांगोला ओरडली, केळशीआत्या म्हण. मी तिला यादी सांगितली, छत्री इथली घे तिकडची टिकणार नाही, कपडे पातळ आण लवकर वाळतात, आणि चामड्याच्या चपला अजिबात आणू नकोस. आणि आत्याला सांग, तू येताना दहा किलो ज्वारी पाठव म्हणावं, डबा संपत आलाय.