दुसरी फेरी

गेल्या महिन्यात इथे एका नव्या पुस्तकावरची चर्चा ऐकली. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठाच्या ग्रंथालयात मी काम करते. तिथल्या राज्यशास्त्र विभागाने ती ठेवली होती. पुस्तक राजकीय संमतीवर. ज्या राज्यात आपण जन्मलो त्याचे कायदे पाळायला आपण होकार दिला तरी कधी, हा जुना प्रश्न. आधी लेखिका थोडक्यात बोलली, मग तीन टीकाकार बोलले. दुसऱ्या टीकाकाराने सगळ्यांना पान ८३ उघडायला लावलं. वर 'संमती' म्हणजे उघडपणे दिलेला होकार, आणि सहा ओळी खाली तोच शब्द 'विरोध न करणं' अशा अर्थाने आलाय; पुढचं अख्खं प्रकरण या घसरणीवर उभं आहे, असं त्याचं म्हणणं. लेखिकेने पुस्तक जवळ ओढलं, दोन्ही जागा वाचल्या, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "बरोबर आहे. हे प्रकरण असं टिकणार नाही. पण निष्कर्षाला दुसरी वाट आहे असं मला वाटतं." ती वाट तिने तिथेच फळ्यावर मांडायला घेतली. टीकाकार उठून फळ्याजवळ गेला आणि दोघं तिथेच उभ्या उभ्या वाद घालत राहिले.

घरी येताना मला माझा मित्र आठवत होता.

तो महाराष्ट्रातल्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. चार वर्षं खपून त्याने लोकशाही आणि बहुमत या विषयावर मराठीत पुस्तक लिहिलं. मराठीत असं पुस्तक लिहिणं म्हणजे काय, ते मला माहीत आहे. 'सार्वभौमत्व'पासून 'अधिमान्यते'पर्यंत प्रत्येक शब्द वाचकाच्या हातात द्यायच्या आधी घासूनपुसून घ्यावा लागतो. मी त्याचं परीक्षण लिहिलं. अर्ध्याहून जास्त कौतुक होतं. पण अल्पसंख्याकांच्या हक्कांविषयीच्या प्रकरणात तो जे सिद्ध करायला निघाला तेच आधी गृहीत धरतो, असा माझा आक्षेप होता आणि तो मी दोन पानांत मांडला. त्यानंतर सहा महिने त्याचा फोन नाही. शेवटी मीच केला, तेव्हा म्हणाला, "तिकडे बसून बोलायला तुझं काय जातंय? इथे हे पुस्तक निघालं हेच खूप आहे गं."

त्याचं पहिलं वाक्य मला लागलं. दुसरं मात्र खरं आहे. पण पुस्तक निघालं एवढ्यावर आपण थांबतो, हेच माझं दुखणं आहे. आपल्याकडे विचारांच्या पुस्तकाला दोन प्रकारचे प्रतिसाद मिळतात. एक म्हणजे प्रकाशनाच्या व्यासपीठावरची भाषणं. तिथे वक्ते लेखकाच्या तळमळीविषयी बोलतात, युक्तिवादाविषयी सहसा नाही. दुसरा म्हणजे संताप. २००४ च्या जानेवारीत एका पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेत घुसून मोडतोड झाली, पोथ्यांची नासधूस झाली. स्तुती आणि हल्ला या दोन टोकांच्या मध्ये जी मोठी मोकळी जागा असायला हवी, जिथे कोणी म्हणेल 'तुमचं तिसरं प्रकरण पटलं नाही, कारण असं असं', आणि लेखक त्याला लेखी उत्तर देईल, ती जागा ओस पडली आहे. पहिली फेरी कशीबशी होते. दुसरी होत नाही.

विचार पुढे सरकतो तो दुसऱ्या फेरीत. हार्वर्डचे अमेरिकन तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा न्यायसिद्धांतावरचा ग्रंथ १९७१ चा. स्वातंत्र्याला इतर सगळ्याच्या वरचं स्थान देण्यामागची कारणं पुरेशी नाहीत, असं ब्रिटिश कायदेतत्त्वज्ञ एच. एल. ए. हार्ट यांनी १९७३ मध्ये दाखवून दिलं. रॉल्स यांनी ती पोकळी मान्य केली आणि ती भरण्यासाठी १९८१ मध्ये व्याख्यानं दिली. मधली आठ वर्षं त्यांनी तो आक्षेप मनाआड केला नव्हता. त्यांच्याच विभागातले रॉबर्ट नोझिक १९७४ मध्ये थेट विरोधात पुस्तक घेऊन उभे राहिले, आणि त्याच पुस्तकात त्यांनी हेही लिहिलं की यापुढे राजकीय तत्त्वज्ञाला रॉल्सच्या चौकटीत काम करावं लागेल, नाहीतर ते का करत नाही हे सांगावं लागेल. विरोधकाने दिलेला हा मान मला कुठल्याही पुरस्कारापेक्षा मोठा वाटतो.

हे सगळं पाश्चात्त्यांचं, आपल्या मातीत असं नव्हतं, असं मात्र कोणी म्हणू नये. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने बाबासाहेब आंबेडकरांचं जातिसंस्था मोडण्याविषयीचं भाषण रद्द केलं. बाबासाहेबांनी ते स्वतः छापलं. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. गांधीजींनी 'हरिजन'मधून टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी काय केलं? गांधीजींचे लेख जसेच्या तसे पुस्तकात घेतले आणि त्याला जोडून आपलं उत्तर छापलं. पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, त्याच्या स्वतःच्या शब्दांत मांडून मग खंडन करायचं, ही शिस्त आहे. त्या उत्तरात कडवटपणा आहे, धार आहे, पण गांधीजींचा एकही मुद्दा गाळलेला नाही.

दुसरं उदाहरण फारसं कोणाच्या ओठांवर नसतं. १९८३ मध्ये पुण्यात तत्त्वज्ञ मे. पुं. रेगे, दया कृष्ण आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यायशास्त्राचे, म्हणजे भारतीय तर्कपरंपरेचे, पंडित आणि पाश्चात्त्य तत्त्वज्ञानात मुरलेले प्राध्यापक यांना समोरासमोर बसवलं. विषय होता विधान म्हणजे काय याविषयीचा ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्ट्रंड रसेल यांचा विचार, आणि तो संस्कृतात मांडून पंडितांपुढे ठेवला गेला. इंग्रजीतला विचार पाहुणा म्हणून आला आणि पंडितांनी त्याला आपल्या कसोटीवर घासून पाहिलं. अशी बैठक पुन्हा भरावी असं मला मनापासून वाटतं, आणि या वेळी मराठीत.

मागचं सगळंच सोनं होतं असंही नाही. चिपळूणकरांनी 'निबंधमाले'त जोतीरावांच्या लेखनाचा समाचार घेताना त्यांचं व्याकरण काढलं. मुद्द्याला बगल देऊन भाषेवर घसरायची ती खोड आजही जिवंत आहे. नव्या लेखकाचं शुद्धलेखन काढलं की त्याच्या युक्तिवादाला उत्तर द्यायची गरजच उरत नाही.

आता इथली उणी बाजूही सांगायला हवी, कारण मित्राचा टोमणा मी विसरलेले नाही. त्या चर्चेला आम्ही चौदा जण होतो. ग्रंथालयातली मी सोडले तर सगळे त्याच धंद्यातले. गावातलं कोणी नाही, येण्याचं कोणाच्या मनातही नसेल. याउलट न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ मध्ये सुरू केलेल्या वसंत व्याख्यानमालेसारख्या परंपरेत कारकून, शिक्षक, निवृत्त माणसं विचार ऐकायला येत आली आहेत. हा श्रोता आपली पुंजी आहे. इथल्या बंद खोलीत युक्तिवाद तासून तासून धारदार होतो खरा, पण ज्यांच्या आयुष्याविषयी तो चालतो ते बाहेरच राहतात. रॉल्स यांच्या ग्रंथात कुटुंबातला अन्याय निसटला आहे, हे स्त्रीवादी विचारवंत सुझन मोलर ओकिन यांनी पुस्तकभर मांडलं ते १९८९ मध्ये. वंशाचा प्रश्न तत्त्वज्ञ चार्ल्स मिल्स यांनी ऐरणीवर आणला १९९७ मध्ये. अठरा वर्षं आणि सव्वीस वर्षं! त्या दिवशी चर्चेत मी आंबेडकरांचं नाव घेतलं: जिथे जन्मानेच जागा ठरते तिथे संमतीला काय अर्थ, असं विचारलं. सगळ्यांनी आदराने मान डोलावली. वाचलेलं कोणीच नव्हतं.

आणि आपली दुसरी फेरी झालीच तर ती इंग्रजीत होते, हे मला सगळ्यात जास्त खुपतं. राज्यशास्त्राचे अभ्यासक गोपाळ गुरू यांनी २००२ मध्ये भारतीय समाजशास्त्रांत सिद्धांत मांडणारे ब्राह्मण आणि माहिती गोळा करणारे शूद्र अशी उतरंड आहे, असा प्रश्न उभा केला. तत्त्वज्ञ सुंदर सरुक्काई यांनी २००७ मध्ये त्याला प्रत्युत्तर दिलं. २०१२ मध्ये दोघांनी मिळून एक पुस्तक केलं, आणि त्यात एकमेकांशी वाद घातला. हवी ती रीत हीच. पण ज्या कॉलेजांत या उतरंडीचे चटके बसतात तिथल्या मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्यापर्यंत हा मूळ वाद कसा पोचायचा? त्याला परीक्षेपुरत्या नोट्स मिळतात. दोन जाणती माणसं एकाच प्रश्नावर प्रामाणिकपणे भांडताना त्याला दिसत नाहीत.

त्या चर्चेच्या रात्री मी मित्राला लांबलचक पत्र लिहिलं. परीक्षणात घाई कुठे झाली ते कबूल केलं. आक्षेप मात्र मागे घेतला नाही. पानं, ओळी देऊन तो नव्याने मांडला, आणि म्हटलं, तू उत्तर लिही, दोन्ही एकत्र छापून घेऊ. तीन आठवडे काहीच नाही. काल त्याचं उत्तर आलं. अकरा पानं, हाताने लिहून फोटो काढलेली. वर फक्त एवढंच: "आक्षेप मान्य नाही. का ते वाच."

चौथ्या पानावर त्याने मला नेमकं पकडलंय. 'हक्क' हा शब्द मीही दोन अर्थांनी वापरला होता.