‘थोडे थोडे देत राहा, सवय होईल’: सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांसाठी घातक सल्ला

मोबाइलवर फिरणारा एक संदेश पालकांना सांगतो, की मुलाला गहू बाधत असेल तर तपासण्यांच्या फेऱ्यात न पडता तो बंद करावा, पोट शांत झाले की थोडा थोडा देऊन सवय लावावी, आणि वयात येईपर्यंत हा त्रास आपोआप जातो. त्रास थांबला म्हणजे आजार गेला, अशी या साऱ्यामागची समजूत आहे आणि ती मुलांचे नुकसान करते.

सिलिअ‍ॅक म्हणजे नाजूक पोट नव्हे, आणि ती गव्हाची अ‍ॅलर्जीही नव्हे. गहू, सातू व राय या धान्यांतील ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते आणि अन्नरस शोषणारे आतल्या अस्तराचे सूक्ष्म उंचवटे झिजून सपाट होतात. त्यामुळे अन्नरस नीट शोषला जात नाही, आणि एखाद्या मुलाला जुलाब मुळीच होत नाहीत. त्याची फक्त उंची खुंटते, किंवा लोहाच्या गोळ्या देऊनही रक्तक्षय हटत नाही.

तपासणीआधी गहू बंद करण्याचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. निदानाची सुरुवात रक्तातील विशिष्ट प्रतिपिंडांच्या चाचणीने होते, आणि ग्लूटेन थांबले की ही प्रतिपिंडे हळूहळू उतरतात, आतडेही भरून येऊ लागते. मग आजार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो आणि खात्रीसाठी मुलाला पुन्हा कित्येक आठवडे ग्लूटेन खाऊ घालावे लागते. जनुकीय चाचणीने ही उणीव भरून निघत नाही, कारण संबंधित जनुके सुमारे 30 ते 40 टक्के लोकांत असतात आणि त्यांतील फार थोड्यांनाच आजार होतो. बायोप्सीची, म्हणजे आतड्याच्या अस्तराचा छोटा तुकडा काढून तपासण्याची, धास्ती मी समजू शकतो, पण 2020 च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रतिपिंडांची पातळी सामान्य मर्यादेच्या दहापट किंवा अधिक असेल आणि रक्ताच्या दुसऱ्या नमुन्यातील वेगळ्या चाचणीने दुजोरा मिळाला, तर बायोप्सीशिवायही निदान करता येते. गहू आधीच बंद केला असल्यास तो स्वतःहून पुन्हा सुरू न करता डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

आता सवयीबद्दल. प्रतिकारयंत्रणेला ग्लूटेनची सवय होत नाही. प्रौढ रुग्णांवरील एका चाचणीत रोज 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर आतड्याची हानी दिसून आली, आणि पावाच्या एका कापात साधारण 2 ग्रॅम, म्हणजे त्याच्या चाळीसपट ग्लूटेन असते. ‘वाढदिवसाला एक घास चालतो’ म्हणणाऱ्या प्रेमळ नातेवाइकांनी हा हिशेब जरूर पाहावा. घरातही गव्हाच्या पिठाची चाळणी किंवा तळणीचे तेल सामायिक असू नये. पाकिटबंद पदार्थ घेताना ‘ग्लूटेनमुक्त’ ही खूण पाहावी. तिची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 20 मिलिग्रॅम आहे.

वय वाढल्यावर आजार जातो, ही समजूत जुनी आहे. किशोरवयात लक्षणे अनेकदा मंदावतात, एवढाच तिला आधार. विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञांना दुसऱ्या महायुद्धातील पावाच्या टंचाईत या आजाराची मुले सुधारताना दिसली आणि पाव परत मिळू लागताच तीच मुले पुन्हा आजारी पडली. बरे वाटल्याने आजार संपला नव्हता, हे तेव्हाच दिसले होते.

ग्लूटेन वगळल्याने मूल सुधारते, हे मात्र संदेशात खरे आहे. मुलांचे आतडे चांगले भरून येते, तांदूळ, मका, डाळी, भाज्या, फळे, अंडी हे सारे त्यांना खाता येते, आणि आज तरी आयुष्यभराचे हे पथ्य हाच सिद्ध झालेला उपचार आहे. पथ्य नीट पाळले जाते का, हे केवळ पोटदुखी थांबण्यावरून ठरवता येत नाही. त्यासाठी ठरावीक अंतराने उंची, वजन आणि प्रतिपिंडे पाहावी लागतात. आईवडील व भावंडांचीही रक्ततपासणी करावी, कारण अशा जवळच्या नात्यांत सुमारे दहापैकी एकाला हा आजार आढळतो, तोही कित्येकदा कोणतीच तक्रार नसताना.