मागची साइट कुठाय?

बायकोच्या डब्यातली हिरव्या मोत्याची टाचणी मी धनुष्याला टोचली आणि सुखाचे दिवस संपले. तोवर माझे तीर लागत नव्हते, पण का लागत नाहीत असं कोणी विचारतही नव्हतं. वारा होता, नवशिका होतो, तीर वाकडा होता. कारणांना तोटा नव्हता.

चोपन्नाव्या वर्षी हातात धनुष्य आलं ते मानेमुळे. तीस वर्षं, आधी हिशेबाच्या वह्यांत आणि मग कॉम्प्युटरमध्ये, खुपसलेली मान एका सकाळी वळेचना. डॉक्टर म्हणाले, पाठीच्या वरच्या स्नायूंना काम द्या. दुसऱ्या कुठल्या गावात माणूस अशा वेळी दोरीच्या कप्प्या आणून दाराला टांगतो. पण आमच्या साताऱ्याचं २०२३ पासून वेगळंच झालंय. त्या ऑगस्टमध्ये बर्लिनला आपल्या अदिती स्वामीने सतराव्या वर्षी तिरंदाजीत कंपाउंडचं, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याचं, जगज्जेतेपद मारलं, फायनलला १५० पैकी १४९. त्याच दिवशी, सराव साताऱ्यातच करणाऱ्या नागपूरच्या ओजस देवतळेने १५० पैकी १५० केले. गावात असं काही घडलं की प्रत्येकाला त्यात आपलाही थोडा हात असल्यासारखं वाटतं. बाकीचे पेढे खाऊन थांबले. मला थांबता आलं नाही.

पुतणी तेरा वर्षांची. आधी इंडियन राउंड, म्हणजे साध्या बांबूच्या धनुष्याची स्पर्धा, खेळायची, आता रिकर्व्हवर, म्हणजे टोकं बाहेर वळलेल्या धनुष्यावर, गेलीय. तिचं जुनं बांबूचं धनुष्य माळ्यावर पडून होतं, ते मी खाली काढलं. माहुलीच्या बाजूला चुलतभावाचं, म्हणजे आबाचं, रान आहे. त्यातल्या मोकळ्या पट्टीच्या टोकाला पाचट ठासून भरलेली दोन पोती उभी केली. मागे मातीचा ढीग, उजवीकडे पाट, डावीकडे ऊस. हा ऊस लक्षात असू द्या.

पहिल्या महिन्यात मी 'अंदाजाने' मारत होतो. याला जाणकार लोक इन्स्टिंक्टिव्ह म्हणतात. बघायचं, ओढायचं, सोडायचं, बाकीचं अंतर्मन बघून घेतं. माझं अंतर्मन हिशेब खात्यातलं असल्यामुळे ते कशावरही सही करायला तयार नव्हतं. वीस मीटरवर सहा तीर मारायचो. एक पोत्यात, दोन ढिगात, आणि उरलेल्यांचा शोध घ्यायला आबाचा गडी.

"काका, साइट लाव की मग," पुतणी सहज म्हणाली. आणि वर, "पण इंडियन राउंडला ती चालत नाही हां." मला कुठे स्पर्धेत उतरायचं होतं! तिच्या नव्या धनुष्याची साइट, म्हणजे स्क्रू फिरवून वर-खाली, डावी-उजवी करायची ती नेम धरायची नळी, तिची किंमत ऐकून मान परत धरली. तेव्हा देशी उपाय. मोती चौकातून दाराच्या फटीला लावतात ती फोमची पट्टी आणली, धनुष्याच्या पुढच्या अंगाला चिकटवली आणि तिच्यात ही टाचणी आडवी खुपसली, मोती डावीकडे बाहेर डोकावेल अशी. मोती निशाण्यावर धरायचा आणि सोडायचं. माणसाने चंद्रावर जाण्यासारखंच सोपं.

पहिला तीर पोत्याच्या खाली पडला. खाली पडला म्हणून मी टाचणी वर सरकवली. दुसरा तीर आणखी अलीकडे, जमिनीत. टाचणी आणखी वर. तिसरा माझ्यापासून दहा पावलांवर रुतला आणि थरथरत राहिला. आबा बांधावर बसून बघत होता. म्हणाला, "आरं, उसाला पाणी द्यायचंय, आन् तू रान नांगरतोयस व्हय?"

पुतणीने हात कपाळाला लावला. "काका, तीर जिकडं जाईल तिकडं टाचणी न्यायची. खाली गेला तर खाली. डावीकडं गेला तर डावीकडं." कारण विचारलं, तर तिने करूनच दाखवलं. टाचणी खाली घेतली की मोती निशाण्यावर आणायला धनुष्य वर उचलावं लागतं, आणि धनुष्य वर गेलं की तीरही वर. पटलं. चूक जिकडे गेली तिकडे नियम सरकवायचा, हे धोरण मी नोकरीत आयुष्यभर पाहिलंय. तिथे त्याला सुधारित परिपत्रक म्हणतात.

पण मी प्रत्येक तीरामागे परिपत्रक काढायला लागलो. तेही चूक. एका तीरावर साइट हलवायची नसते म्हणे. सहा तीर मारायचे, त्यांचा 'ग्रुप' कुठे बसतो ते बघायचं आणि मग टाचणी हलवायची. माझे सहा तीर म्हणजे गावजेवणाची पंगत होती. एक पाटाजवळ, एक ढिगाच्या माथ्यावर, दोन तर पोत्यांच्या मधल्या फटीतून पार, एक पोत्यात, एक उसात. यांचा मध्य काढला तर तो आबाच्या डोक्यावरून जात होता.

अशा वेळी हवालदारतात्या आले. अपशिंग्याचे, फौजेतून निवृत्त, आबाचे सासऱ्याकडून कोणीतरी. मिलिटरी अपशिंगे म्हणजे घरटी फौजी देणारं गाव, तेव्हा नेमबाजीचा विषय निघाल्यावर ते गप्प बसणं शक्यच नव्हतं. धनुष्य हातात घेतलं, टाचणी निरखली, धनुष्य उलटं करून पाहिलं.

"ही फोरसाइट झाली. बंदुकीची माशी. मागची साइट कुठाय?"

"मागची नसते, तात्या."

"मागची नाय? मग पुढची कशाला ठेवलीय? नजर लागू नये म्हणून?"

मी पुतणीकडे पाहिलं. ती म्हणाली, कंपाउंडला मागची असते, दोरीतच बारीकसं भोक बसवतात, त्यातून बघायचं. बाकीच्या धनुष्यांना मागची साइट म्हणजे आपलं तोंड. दोरी ओढून प्रत्येक वेळी चेहऱ्यावर नेमक्या एकाच जागी आणायची. त्याला अँकर म्हणतात. तुझा कुठाय?

माझा अँकर कुठाय हे बघायला तिने मोबाइलवर शूटिंग घेतलं. ते मी घरी एकट्याने पाहिलं. पहिल्या तीराला बोट ओठाच्या कोपऱ्यावर. दुसऱ्याला गालावर. तिसऱ्याला मी तोंड उघडलं होतं, दंतवैद्याकडे उघडतात तेवढं. चौथ्याला जीभ बाहेर. पाचव्याला दोरी हनुवटीपर्यंत पोचलीच नव्हती, तिला भेटायला हनुवटी पुढे गेली होती. मागची साइट दर तीराला नवीन गावी मुक्काम करत होती.

सवयीने त्रैराशिक मांडलं. टाचणीपासून गालापर्यंत साधारण ७० सेंटिमीटर. मागे अर्धा सेंटिमीटर हललं, तर २००० सेंटिमीटरवर किती? चौदा. आणि ऑलिंपिकला सत्तर मीटरवर जी १२२ सेंटिमीटरची चकती लावतात, तिच्यावरचं दहा गुणांचं वर्तुळ सव्वाबारा सेंटिमीटरचंसुद्धा नसतं. म्हणजे दाढेत शेंगदाणा अडकला तरी दहाचा विषय संपला. माझी तर अख्खी जीभ बाहेर होती.

मग पंधरा दिवस फक्त तोंड. तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला, ओठ मिटलेले, दात दातावर. आरशासमोर रिकाम्या हाताने, कारण तीर न लावता दोरी ओढून सोडली तर धनुष्य तडकतं. बायकोला वाटलं दात दुखतोय. तिने लवंग आणून दिली, ती मी दाढेत धरली. आता अँकर लवंगेसह की लवंगेशिवाय, हा नवा घोळ.

तरी एकाआड एक तीर उसातच जात होता. चांगला पाच-सहा फूट डावीकडे, आणि अंगात भीड असल्यासारखा हळूच. शेवटी पुतणीने दोन्ही हातांचा त्रिकोण करायला लावला. त्रिकोणातून लांबचा आंबा बघ, आता एकेक डोळा मीट. उजवा उघडा ठेवला की आंबा गायब. डावा उघडा ठेवला की आंबा जागच्या जागी. म्हणजे दोरी उजव्या गालाशी आणि कारभारी डोळा डावा! चोपन्न वर्षं एकत्र राहून या दोघांनी मला पत्ता लागू दिला नव्हता. परत त्रैराशिक: दोन डोळ्यांत साडेसहा सेंटिमीटर, तर वीस मीटरवर एक मीटर पंच्याऐंशी. फूटपट्टी लावून बघा, बरोबर उसात.

यावर डावा डोळा मिटणे हा इलाज. पण उरलेल्या उजव्यापुढे प्रोग्रेसिव्ह चष्मा. त्यात वर लांबचं, खाली जवळचं. आणि नेम धरताना मान वळवल्यावर आपण बघतो नाकाकडच्या कोपऱ्यातून, जिथे चष्मेवाल्याने काहीच ठेवलेलं नसतं. मोती दिसला तर पोतं धुकट, पोतं दिसलं तर मोत्याचे दोन. अर्जुनाला फक्त पक्ष्याचा डोळा दिसत होता, हे मला त्या महिन्यात एकूण अकरा जणांनी सांगितलं. बाराव्याला मी चहा विचारला नाही. मग जुना, नुसता लांबचा चष्मा शोधून काढला, पोतं स्पष्ट आणि मोती जरासा धुकट चालतो हे शिकलो, आणि नोव्हेंबरच्या एका सकाळी सहापैकी सहा तीर पोत्यात गेले. सहाही! परातीएवढ्या जागेत! मी टाचणीभोवती पेन्सिलीने बारीक गोल काढला, बाजूला '२०' लिहिलं, आणि घरी जाताना कंदी पेढे नेले.

पुढच्या रविवारी धनुष्य उचललं तर पट्टीवर नुसतं भोक. 

"कराडच्या लग्नाला हिरवा शालू नेसले होते," बायको म्हणाली. "त्याला मॅचिंग तेवढी एकच होती."

"अगं, ती वीस मीटरवर सेट केली होती!"

"माझ्या पदरालाही नीट सेट झाली."

ती टाचणी कराडच्या कार्यालयातच राहिली. आता लाल मोत्याची आहे, जरा जाड. पेन्सिलीच्या गोलात बसवली तरी तीर एक वीत खाली जातात. बायकोच्या मते टाचणीचा दोष नाही, पेढ्यांनी गाल वर आलाय. तात्यांनी तिला दुजोरा दिला.

जानेवारीत आबाच्या उसाला तोड आली. तिसऱ्या दिवशी टोळीचा मुकादम चिपाडाने बांधलेली जुडी घेऊन आला. सात तीर. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाला, "रानडुकरं लय झालीत का हो हितं?" आबा काही बोलला नाही, माझा मान राखला. मी वही काढून ताळा केला. एकूण गेलेले अकरा, मिळालेले सात. उरलेले चार आबाने खोडव्याच्या खात्यावर घ्यायला सांगितलेत.